पुन्हा पुन्हा तापणारी जुनी गाडी: दुरुस्त करावी की विकावी?

दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली गाडी एकाच तक्रारीसाठी वर्षभरात तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये गेली, की घरात एक वाद हमखास सुरू होतो: आणखी पैसे घालायचे, की आता ती काढून टाकायची? हा वाद बहुधा हातातल्या एस्टिमेटच्या आकड्यावर घातला जातो आणि म्हणूनच तो सुटत नाही. आकड्याकडे वळण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते. तक्रार परत येते ती मूळ दोष अजून कोणाला सापडलेला नाही म्हणून, की गाडीचे निरनिराळे भाग एकापाठोपाठ एक झिजून संपत आले आहेत म्हणून? पहिल्या प्रकारात गाडी विकायची असली तरी आधी दोष शोधणे फायद्याचे ठरते. दुसऱ्या प्रकारात चांगल्यात चांगल्या मिस्त्रीच्या हातूनही प्रश्न मिटत नाही, कारण आज क्लच झाला तर उद्या टर्बो आणि परवा स्टिअरिंग रॅक उभा राहतो.

माझ्या मावसभावाची २०१२ सालची डिझेल सेदान याच वळणावर होती, म्हणून उदाहरण तिचेच घेतो. गाडीने दोन लाख तीस हजार किलोमीटर ओलांडले होते. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध स्थिर असायचा, पण परतीच्या वाटेवर आंबा घाट चढताना तो हळूहळू वर सरकायचा. एसी बंद करून थोडे थांबले की काटा खाली यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, डब्यातली पातळी बोटभर खाली गेलेली दिसायची. पहिल्या वेळी रेडिएटरचे झाकण बदलले, दुसऱ्या वेळी थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारी झडप), तिसऱ्या वेळी रेडिएटर आणि पंख्याची मोटर. प्रत्येक वेळी काही आठवडे गाडी ठीक चालली. शेवटी गॅरेजने इंजिन उघडावे लागेल असे सांगितले आणि त्याच आठवड्यात एका एजंटाने ‘आहे तशी’ गाडी घ्यायची तयारी दाखवली.

तापण्याची ही तक्रार मुद्दाम निवडली आहे. जुन्या गाड्यांत ती फार आढळते, तिची कारणे शंभर रुपयांच्या होज क्लिपपासून इंजिनच्या संपूर्ण कामापर्यंत पसरलेली असतात आणि नेमक्या याच तक्रारीवर घाबरून गाडी पडेल त्या किमतीला विकली जाते. घाटात इंजिनावर भार जास्त असतो, गाडीचा वेग कमी असल्यामुळे रेडिएटरमधून पुरेसा वारा जात नाही आणि टर्बो सतत काम करत असल्याने उष्णता वाढते. त्यामुळे कुलिंगच्या व्यवस्थेतला जो दोष गावात लपून राहतो तो घाटात उघडा पडतो. कुलंट साध्या पाण्याहून जास्त तापमानाला उकळते आणि त्याला झाकणाने निर्माण केलेल्या दाबाची जोड असते. पाणी आणि कुलंट निम्मे-निम्मे असेल आणि झाकण नीट दाब धरत असेल, तर उकळण्याचे तापमान सुमारे १२५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. झाकण सैल असेल किंवा डब्यात वर्षानुवर्षे नुसते नळाचे पाणी घातले जात असेल, तर ही मर्यादा खाली येते, शिवाय आतल्या जलमार्गात गंज आणि क्षार साठतात. गाडी तापते म्हणून गॅरेजला नेण्याआधी शेवटचे कुलंट कधी आणि कोणते घातले हे आठवून पाहावे, कारण अनेकदा चौकशीची खरी सुरुवात तिथून होते.

पातळी कमी होते आहे याचा अर्थ द्रव कुठेतरी जात आहे आणि तो जाण्याचे मार्ग दोनच आहेत, बाहेर किंवा आत. बाहेरची गळती शोधण्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना कुलिंगच्या व्यवस्थेला हातपंपाने हवेचा दाब देतात आणि गेजचा काटा किती वेळ टिकतो ते पाहतात. काटा उतरत असेल तर वॉटर पंपाच्या खाली, होजच्या टोकांशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर किंवा डॅशबोर्डखालच्या हीटर कोअरच्या (आतली हवा गरम करणाऱ्या लहान रेडिएटरच्या) बाजूला ओल दिसते. डाव्या सीटच्या पायाखालचे मॅटिंग कारणाशिवाय ओले आणि चिकट लागत असेल तर हीटर कोअरवर संशय घ्यावा. सुकलेल्या कुलंटचा पांढरट, हिरवट किंवा गुलाबी थरही माग दाखवतो. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. ती न करता सुटे भाग बदलत जाणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधणे होय, आणि दुर्दैवाने असे काम सर्रास होते.

बाहेर कुठेही ओल सापडली नाही तर संशय आतल्या गळतीवर जातो. मावसभावाच्या गाडीचे रोगनिदान इथेच झाले. सकाळी थंड इंजिनावर डब्याचे झाकण उघडून गाडी चालू केली, तेव्हा मिनिटभरातच डब्यातल्या कुलंटमधून बारीक बुडबुडे सतत वर येऊ लागले. हवा अडकलेली असेल तर बुडबुडे काही वेळाने थांबतात. हे थांबले नाहीत आणि ॲक्सिलेटर दिला की वाढत गेले. वरचा होज पाइप अजून कोमट असतानाच दाबून पाहिला तर टणक लागत होता, म्हणजे तापमान वाढण्याआधीच व्यवस्थेत दाब भरत होता. त्यानंतर डब्याच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी बसवून वायूची चाचणी घेतली. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड कुलंटमध्ये शिरत असेल तर या रसायनाचा निळा रंग पालटून हिरवट-पिवळा होतो, आणि तो झाला. हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्या मधल्या सांधपट्टीतून, सिलिंडरमधला वायू जलमार्गात जात होता. थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा या तिघांचाही काही दोष नव्हता.

इथे एक सावधगिरी हवी. कुलंट आत जाते म्हणजे हेड गॅस्केटच गेली असे धरून चालू नये. अनेक डिझेल इंजिनांत ईजीआर कुलर असतो, म्हणजे इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा भाग, त्यातून कुलंट फिरते आणि तो आतून फुटला की कुलंट धुराच्या वाटेने निघून जाते. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला आणि वायूची चाचणी मात्र स्वच्छ आली, तर आधी हा कुलर वेगळा काढून तपासावा. ऑइल भरायच्या झाकणाखाली साय धरल्यासारखा पांढरट थर दिसला तर कुलंट ऑइलमध्ये मिसळल्याची शक्यता असते. पावसाळ्यात फक्त जवळच्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीत साध्या दमटपणानेही असा थर धरतो, त्यामुळे डिपस्टिकवरचे ऑइलही पाहूनच मत बनवावे. डिपस्टिकवर चहाच्या रंगाचे ऑइल लागले आणि त्याची पातळी खुणेच्या वर गेली असेल तर ती गाडी चालू करू नये, टो करूनच न्यावी.

कारण सापडले तरी निर्णय होत नाही, कारण आता हेड उघडायचे तर बाकीचे इंजिन त्या खर्चाला लायक आहे का, हे पाहावे लागते. लोक नेमकी हीच पायरी वगळतात. हेडचे काम करून इंजिनची वरची बाजू घट्ट झाली आणि खाली पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या निघाल्या, तर काही महिन्यांत ऑइल खाण्याची तक्रार सुरू होते आणि दुसऱ्यांदा मजुरी भरावी लागते. म्हणून हेड उघडण्यापूर्वी तीन गोष्टी करून घ्याव्यात. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचे झाकण सैल करून तसेच वर ठेवावे. ते किंचित थरथरले तर हरकत नाही, पण धुराच्या झोताने उडत असेल तर रिंगांमधून वायू खाली येत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी. एकूण आकड्याइतकाच चारांमधला फरक महत्त्वाचा असतो, आणि शेजारचे दोन सिलिंडर एकत्रच कमी दाखवत असतील तर दोष त्यांच्या मधल्या गॅस्केटचा असण्याची शक्यता बळावते. तिसरी चाचणी सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणाऱ्या इंजेक्टरची आहे. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना चार लहान बाटल्या लावून इंजिन काही मिनिटे चालवतात. बाटल्यांतील डिझेलची पातळी जवळपास सारखी राहिली तर इंजेक्टर ठीक आहेत. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे. कॉमन रेल डिझेलचा एक इंजेक्टर बदलणे हा मोठा खर्च आहे, आणि चारही बदलायचे म्हटले तर जुन्या गाडीचा हिशेब तिथेच उलटतो.

टायमिंग चेनचा आवाज, टर्बोच्या शाफ्टमधली हालचाल, दुसऱ्या गिअरला घासण्याचा आवाज आणि क्लच किती वर धरतो, हे एखादा जाणता फिटर गाडी फिरवून आणून सांगू शकतो. त्याला या कामाचे पैसे वेगळे द्यावेत आणि तोच दुरुस्ती करणार नाही हे आधीच ठरवावे. दुरुस्ती करणाऱ्यानेच निदान करायचे म्हटले, की मत आणि मजुरी एकमेकांत मिसळतात.

इंजिनापेक्षाही ज्या गोष्टीने निर्णय होतो ती म्हणजे पत्रा. इंजिन उतरवून नवे करता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सडलेला पत्रा मुळासारखा पुन्हा होत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीत खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून दारांखालचे सिल, पायाखालचा पत्रा आणि पुढच्या शॉकअपच्या माथ्याकडचा भाग आतून खातात. वरून रंग शाबूत दिसतो. गाडी लिफ्टवर घेऊन सिलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत आणि टोकाने टोचत जावे. घट्ट पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्या ठिकाणी तो बसका येतो आणि कधी टोक आतही जाते. शॉकअपच्या माथ्याशी किंवा लोअर आर्म जिथे चासीला बसतो तिथे पत्रा खाल्लेला असेल, तर इंजिन कितीही चांगले असो, त्या गाडीवर मोठी दुरुस्ती करू नये. हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. अपघातात माणसांना वाचवायचे काम याच सांगाड्याचे असते. देशावरच्या कोरड्या हवेतल्या गाडीला हा रोग क्वचित लागतो आणि म्हणून सोलापूरची दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी मालवणच्या एक लाख किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा आतून अधिक सुदृढ निघू शकते. मीटरवरचा आकडा गाडीचे वय पूर्णपणे सांगत नाही.

सुटे भाग मिळतात का, हाही प्रश्न निकालाचा आहे. मावसभावाच्या गाडीतले १.३ लिटरचे डिझेल इंजिन मूळ फियाटच्या मल्टिजेट घराण्यातले. हे इंजिन भारतात रांजणगाव आणि मानेसर अशा दोन ठिकाणी बनले आणि मारुती, टाटा, फियाट अशा अनेक कंपन्यांच्या गाड्यांत वेगवेगळ्या नावांनी बसले. त्यामुळे त्याचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि त्यावर हात बसलेले मिस्त्रीही भरपूर आहेत. याउलट शेव्हरोले गाड्यांची भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली आणि फोर्डने इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली. अशा गाड्यांत झिजणारे नेहमीचे भाग मिळतात, पण एखादा सेन्सर, दिवा किंवा बाहेरच्या पत्र्याचा भाग शोधण्यात आठवडे जाऊ शकतात. त्यांचा निर्णय घेताना दुरुस्तीच्या खर्चात गाडी उभी राहण्याचे दिवसही मोजावेत.

आता पैशाचा हिशेब. सुरुवातीलाच दोन प्रकारचे खर्च बाजूला काढावेत. आजवर गाडीवर जे घातले ते गेले, ते धरून निर्णय करू नये. नुकतेच चार टायर आणि बॅटरी घातली म्हणून आता विकणे जिवावर येते हे समजण्यासारखे आहे, पण घेणारा त्या टायरची पूर्ण किंमत देत नाही आणि गॅस्केटही त्या टायरकडे पाहून शाबूत राहत नाही. दुसरे म्हणजे टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, शॉकअप, बुश हे झिजणारे भाग कोणत्याही गाडीत ठरावीक काळाने बदलावेच लागतात. चार वर्षे वापरलेली गाडी घेतली तरी हे खर्च काही महिन्यांत समोर येतात. त्यामुळे ‘ही गाडी फार खर्च काढते’ असे म्हणताना बिलांची फाइल उघडून झिजेचा खर्च आणि बिघाडाचा खर्च असे दोन ढीग करावेत. बिघाडाचा ढीग दरवर्षी वाढत असेल आणि त्यात प्रत्येक वेळी वेगळा भाग असेल, तर ती गाडी थकली आहे. ढिगात सारखी एकच तक्रार असेल तर गाडीपेक्षा निदान कमी पडले आहे.

पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातले भाव घालून पाहावेत. समजा, चांगल्या चालू स्थितीत गाडीला १,९०,००० रुपये मिळतात, तापणाऱ्या स्थितीत एजंट १,०५,००० देतो आणि हेडचे काम, फेसिंग (हेडची बसणारी बाजू सपाट करणे), नवी गॅस्केट, नवे हेड बोल्ट, वॉटर पंप आणि कुलंट धरून ४०,००० रुपये लागतात. किमतीतला फरक ८५,००० आहे, म्हणजे विकायचीच असली तरी दुरुस्त करून विकणे परवडते. एजंट एवढी किंमत पाडतो कारण दोष कळलेला नसतो आणि तो सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरतो. निदानाचा लेखी अहवाल आणि दुरुस्तीचे बिल हातात आले की ती शक्यता हिशेबातून निघून जाते. दुरुस्तीचा खर्च किमतीतल्या फरकाच्या जवळ किंवा वर गेला, उदाहरणार्थ इंजिनचे पूर्ण काम निघाले, तर मात्र दोष न लपवता, तो स्पष्ट सांगून, आहे तशीच गाडी द्यावी.

ठेवायची की विकायची हे वार्षिक खर्चावरून पाहावे. समजा, जुन्या गाडीवर वर्षाला दुरुस्तीचे ५०,००० आणि विम्याचे ८,००० लागतात आणि तिची किंमत ३०,००० ने उतरते. एकूण ८८,००० झाले. सात लाख एक्स-शोरूम किमतीची नवी पेट्रोल गाडी घेतली तर पहिल्या वर्षी तिची किंमत एक लाखाहून अधिक उतरते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल कारला ११ टक्के मोटार वाहन कर लागतो, म्हणजे ७७,००० रुपये, आणि गाडी विकताना ते वेगळे परत मिळत नाहीत. सहा लाखांच्या कर्जावर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज पन्नास हजारांच्या आसपास जाते. विमाही मोठा असतो. कर सात वर्षांवर वाटून धरला तरी पहिल्या वर्षाचा खरा खर्च दोन लाखांच्या घरात पोहोचतो. त्यामुळे नव्या गाडीशी तुलना केली तर जुनी गाडी जवळपास नेहमीच जिंकते आणि तो निकाल फसवा असतो. तुलना तीन-चार वर्षे वापरलेल्या, सर्व्हिसच्या नोंदी असलेल्या गाडीशी करावी, कारण तिची पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांचे भाव उतरल्यामुळे वापरलेल्या गाड्यांचे भावही सरकले आहेत. त्याआधीचे भाव मनात धरून आपल्या गाडीची किंमत ठरवू नये.

या हिशेबात न बसणारी एक बाजू आहे आणि ती मी पैशापेक्षा वरची मानतो. घरात दुसरी गाडी आहे, प्रवास गावातल्या गावात आहे, बंद पडली तर रिक्षा मिळते, अशा ठिकाणी जुनी गाडी निश्चिंतपणे ठेवावी. पण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे माणूस घरात असेल, रात्रपाळीहून एकट्या परतणाऱ्या व्यक्तीची ती गाडी असेल किंवा पावसाळ्यात घाट नियमित ओलांडायचा असेल, तर अवचित बंद पडण्याची शक्यता हाच निर्णायक मुद्दा होय. तिथे गाडी स्वस्तात चालते या समाधानाला अर्थ नाही.

कागदपत्रांचे वेळापत्रकही निर्णय पुढे-मागे ढकलते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. अर्ज नमुना २५ मध्ये मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले, उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये वाढतात आणि महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवणे आवश्यक आहे आणि ती नसेल तर कार्यालयातली पुढची कामे अडतात. या सर्वांचा बाजारभावावर परिणाम होतो: नोंदणीला वर्षभरच उरलेली गाडी घेणारा नूतनीकरणाचा सगळा खर्च आणि हेलपाटे किमतीतून वजा करतो. मावसभावाच्या २०१२ च्या गाडीपुढे म्हणून दोनच नीट मार्ग होते. एक तर दोन वर्षे नोंदणी शिल्लक असतानाच ती विकायची, किंवा नूतनीकरण करून पुढची पाच वर्षे चालवण्याच्या तयारीने दुरुस्त करायची. दुरुस्ती करून वर्षभर चालवायची आणि मुदतीच्या तोंडावर विकायची, हा मधला मार्ग सर्वांत महाग पडला असता.

विम्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. झिजेमुळे आलेला यांत्रिक बिघाड कोणत्याही नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. दहा वर्षांवरील गाडीच्या अपघाती दाव्यात धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी संपूर्ण नुकसानीत काढतात, त्यामुळे हप्ता कमी करण्यासाठी घोषित मूल्य फार खाली आणणे अंगाशी येते. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो.

मावसभावाच्या गाडीचा पत्रा ठोकून पाहिला तेव्हा तो निकोप निघाला, ऑइलचे झाकण किंचितच थरथरले, बाटल्या सारख्या भरल्या. हेड उतरवून सपाटपणा पट्टीने तपासला, लेथवर फेसिंग केले आणि मोजमापाप्रमाणे योग्य जाडीची गॅस्केट बसवली. अनेक डिझेल इंजिनांत गॅस्केट दोन-तीन जाड्यांत येते आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजून ती निवडतात. हे मोजमाप न घेता मिळेल ती गॅस्केट घातली तर काम पुन्हा बिघडते. हेड बोल्ट नवेच घातले. काम झाल्यावर गावातल्या दोन फेऱ्यांवर समाधान न मानता भरलेल्या गाडीने आंबा घाट चढून पाहिला, दुसऱ्या सकाळी थंड इंजिनावर पातळी मोजली आणि मगच उरलेले बिल दिले. गाडी त्याने ठेवली. तिचा पत्रा सडलेला असता किंवा चारातल्या दोन बाटल्या भरून वाहिल्या असत्या, तर मी त्याला त्याच आठवड्यात ती विकायला सांगितले असते.

ज्यांचा निर्णय विकण्याचा झाला त्यांनी किमतीइतकेच लक्ष नाव बदलण्याकडे द्यावे. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० या अर्जांवर सह्या करून देणे म्हणजे हस्तांतर पूर्ण होणे नव्हे. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक जुनाच राहतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच ठेवली. तिथे गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची होती. गिऱ्हाईक परस्पर मिळाले असेल तर विक्रीची माहिती राज्यांतर्गत व्यवहारात चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावी. डीलरला गाडी देत असाल तर तो परिवहन कार्यालयाचा अधिकृत जुनी वाहने विकणारा डीलर आहे का ते पाहावे, कारण डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन सूचना नोंदली की पुढच्या घडामोडींची जबाबदारी मानीव मालक म्हणून त्याच्याकडे जाते. कर्ज फिटलेले असूनही नोंदीतला बँकेचा बोजा उतरवलेला नाही असे अनेकदा ऐन वेळी लक्षात येते. बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि बोजा उतरवण्याचा अर्ज, म्हणजे नमुना ३५, आधीच तयार ठेवावा.

पत्राच गेलेली आणि नूतनीकरणाच्या तपासणीत टिकणार नाही अशी गाडी भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्यावी. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवी खासगी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होते आणि केंद्राच्या नियमांनुसार राज्यांना मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. शिवाय चासी क्रमांक कायमचा रद्द होतो, त्यामुळे तो दुसऱ्या एखाद्या चोरीच्या गाडीवर चढण्याची भीती उरत नाही. कोणत्याही मार्गाने गाडी दिली तरी फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा आणि ताबा दिल्याच्या पावतीवर तारीख, वेळ, मीटरचा आकडा, घेणाऱ्याची सही आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी. वेळ लिहिणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्याच संध्याकाळी सिग्नल मोडल्याचे ई-चलान जुन्या मालकाच्या मोबाइलवर आले तर ते कोणाचे हे त्या एका नोंदीवरून ठरते.